चार बंदुकांची हजेरी

बंदूक निखाऱ्याच्या खिडकीतून उलटी आली आणि तिचा दस्ता माझ्या कपाळावर आपटला.

"अगं, हळू!" मी ओरडले.

"तोंड मिट आणि पुढे दे," भिंतीपलीकडून रामोनामावशी म्हणाली. "कपाळ उद्या बरं होईल. मान गेली तर ती काही परत बसत नाही."

मी कपाळ चोळत धावले आणि समोरच्या भिंतीतल्या खिडकीतून बंदूक पलीकडच्या घरात सरकवली. तिकडे कुणाचे तरी हात तयारच होते. बाहेर चौकात कारकुनाने पुढचं नाव पुकारलं, आणि थोड्याच वेळात तीच बंदूक खांद्यावर घेऊन आमच्या गावचा आणखी एक शूर वीर स्पेनच्या राजाच्या कप्तानापुढे ताठ उभा राहिला.

आमच्या गावाचं नाव लोमा सेका, म्हणजे कोरडी टेकडी. नाव ठेवणाऱ्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. नुएवो मेक्सिको प्रांताच्या पूर्वेच्या टोकाला आम्ही होतो. आमच्यापुढे एक खिंड, आणि खिंडीपलीकडे कोमांचे लोकांचं माळरान. उन्हाळ्यातल्या जत्रेत हेच कोमांचे आमच्याकडे गव्याची कातडी घेऊन यायचे, मका आणि सुऱ्या घेऊन जायचे, हसायचे, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायचे. पानगळ सुरू झाली की तेच आमचे घोडे न्यायला यायचे. अडवणारा जगत नसे. आमची माणसंही त्यांच्या तळांवर जाऊन हेच करून आलेली होती, त्यामुळे त्यांना नावं ठेवण्याचा तोरा मला कधी जमला नाही.

गाव म्हणजे चौकाच्या चारी बाजूंना एकाला एक चिकटलेली मातीच्या विटांची घरं. बाहेरच्या बाजूला ना दार ना खिडकी. पण घराघरांमधल्या भिंतीत मात्र एकेक हातभर भोक असायचं. हिवाळ्यात ज्याची चूल विझली त्याला शेजारणीने त्यातून निखारे द्यायचे, हा आमचा रिवाज. वैर असलं तरी निखारा नाकारायचा नाही. रामोनामावशीशी माझं बोलणं बंद असायचं तेव्हाही सकाळी तिचा चिमटा त्या भोकातून निखारा घेऊन यायचाच, वर दोन शिव्या फुकट.

त्या भोकांतून बंदुका फिरवायची कल्पना माझ्या बाबांची. बाबा, म्हणजे हासिंतो, गावचे कारभारी. कप्तान मेंदिओला हजेरी घ्यायला येणार अशी खबर आली आणि बाबांचा चेहरा उतरला. राजाने जमीन दिली ती एका अटीवर होती: प्रत्येक पुरुषाकडे हत्यार आणि घोडा हवा. मागच्या हजेरीत ज्याच्याकडे बंदूक नव्हती त्याची जमीन काढून घेतली होती. गावात पुरुष तीसच्या वर आणि बंदुका चार. त्यातल्या एकीला आम्ही 'म्हातारी' म्हणायचो. तिचा दस्ता फुटलेला, ओल्या चामड्याच्या वादीने आवळून वाळवलेला, आणि नळीला एक लाल चिंधी बांधलेली. चालवली तर पुढच्याला लागेल की मागच्याला, हे तिचं तीच ठरवायची.

"साहेब, सगळ्यांना एकदम खाली उतरवलं तर भिंती कोण राखणार?" बाबांनी कप्तानाला साळसूदपणे विचारलं होतं. "एकेक जण येऊन हत्यार दाखवेल आणि जाईल."

कप्तानाने मान हलवली. मग काय, एकेक जण चर्चच्या कोठारातून बाहेर यायचा, कप्तानापुढे उभा राहायचा, पलीकडच्या टोकाच्या घरात शिरायचा, आणि बायका घराघरांतून बंदुका पुन्हा कोठाराकडे पोचवायच्या. म्हातारीची लाल चिंधी आम्ही काढून टाकली होती. एका फेरीत नळीला काजळी फासायची, दुसऱ्या फेरीत पुसायची. बऱ्याच दिवसांत गावात एवढी मजा कुणी केली नव्हती. भिंतींमधून खुसखुस ऐकू येत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत रामोनामावशी प्रत्येक बंदुकीचा मुका घेऊन ती माझ्याकडे देत होती.

तेवढ्यात छताच्या झरोक्यातून शिडीने माझा नवरा खाली उतरला. लासारो नुकताच हजेरी देऊन आला होता. तो मितभाषी माणूस. पण त्या वेळी त्याला धाप लागली होती आणि तो माझा दंड धरून बोलला.

"पोलोनिया, घोटाळा झालाय. मी उभा होतो तेव्हा कप्तान पाद्रीबाबांना सांगत होता. वीस शिपाई आलेत. ह्या खोऱ्यात एका गावात ठेवणार आहेत. कायमचे."

"मग चांगलंच की!"

"जे गाव सगळ्यात दुबळं असेल त्या गावात."

हातातली बंदूक मला एकदम जड वाटली.

लासारोला हे पळत येऊन मला का सांगावंसं वाटलं, ते सांगायला हवं. खिंडीवर टेहळणीला रोज एक माणूस जायचा. माझा धाकटा भाऊ तिथेच मारला गेला, मागच्या पानगळीत. त्यानंतर कुणी जायला तयार होईना, तेव्हा लासारो म्हणाला, मी जातो. हातात धनुष्य आणि भाला. बंदूक होती, पण बंदुकीची दारू नव्हती, मग ती नेऊन करायचं काय? रोज सकाळी तो निघाला की मी चुलीशी बसून उगाच पीठ मळत राहायची आणि संध्याकाळी त्याचा घोडा दिसेपर्यंत घास उतरत नसे. वीस शिपाई आले असते तर खिंड त्यांनी राखली असती. माझा नवरा मका पेरायला मोकळा झाला असता.

"बाबांना सांग," लासारो म्हणाला.

मी पाण्याचा घडा उचलला आणि चौकात गेले. कप्तान मेंदिओला चर्चच्या सावलीत बसला होता. वाळलेला, पिवळ्या डोळ्यांचा माणूस, हिवतापाने पोखरलेला. त्याचे सहा स्वार मागे उभे होते. बाबा शेजारी उभे राहून प्रत्येक माणसाची ओळख करून देत होते, आणि त्यांचा चेहरा फुललेला होता. भाऊ गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता.

मी त्यांच्या कानाशी लागले. "बाबा, थांबवा हे. सगळ्यात दुबळ्या गावाला शिपाई मिळणार आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ओठ न हलवता म्हणाले, "आत्ता कळतंय मला. अर्धी हजेरी झाली. आता कसं थांबवू? राजाच्या अधिकाऱ्याला फसवलं म्हणून साखळ्या पडतील."

"पडू देत!"

"पाणी दे आणि जा."

मी कप्तानाला पाणी दिलं. त्याने ते सावकाश पिऊन माझ्या कपाळाकडे पाहिलं.

"काय लागलं, बाई?"

"खिडकी लागली, साहेब."

"तुमच्या गावच्या खिडक्या फार कामाच्या दिसतात," तो म्हणाला आणि भांडं परत दिलं.

मी घरी आले. भोकातून म्हातारी माझी वाट पाहत डोकं काढून होती. "कुठे उलथली होतीस?" मावशी फिसकारली. मी बंदूक घेतली आणि पुढे दिली. दुसरं काय करणार होते?

हजेरी संपली तेव्हा कप्तान उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "सबंध प्रांतात इतकं सज्ज गाव मी पाहिलं नाही." चौकात आरडाओरडा झाला. दोमिंगोने टोपी उडवली. दोमिंगो लहानपणी कोमांच्यांकडून जत्रेत सोडवून आणलेला, तेव्हापासून आमच्यातलाच झालेला, आणि धनुष्यबाणात गावात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. तो आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेऊन मिरवला होता. "मला तर ती खांद्यावरून उतरवावीशीच वाटत नाही," असं तो ज्याला त्याला सांगत होता.

दिवेलागणीला कप्तान आमच्याकडे जेवायला आला. मेंढीचं मटण, मिरचीचा रस्सा, मक्याच्या भाकऱ्या. बाबांनी पाद्रीबाबांना, कारकुनाला आणि स्वारांना बाहेर चौकात बसवलं, कारण तिथे लोकांनी शेकोटी पेटवून गाणी सुरू केली होती. आत फक्त कप्तान, बाबा आणि वाढायला मी. बाबांनी एक घास हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"साहेब, मला साखळ्या घाला," ते म्हणाले. "गावात बंदुका चारच आहेत."

कप्तान भाकरी मोडत राहिला. "तीन," तो म्हणाला. "दस्ता फुटलेलीला मी बंदूक धरत नाही."

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. माझ्याही हातातला डाव तसाच राहिला.

"वादी बदलायला हवी होती तुम्ही," कप्तान म्हणाला. "तिसऱ्या की चौथ्या फेरीला मी ओळखली तिला. नंतर नंतर तर ती दिसली की बरं वाटायचं. ओळखीचं माणूस भेटावं तसं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" बाबांच्या आधी मीच विचारलं.

"बोलून तुम्हाला काय देणार होतो मी?"

"वीस शिपाई!"

तो हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, तेच मला जास्त लागलं. "बाई, वीस नाहीत. दोनसुद्धा नाहीत. प्रत्येक गावात मी हे पाद्र्याच्या कानात सांगतो, जरा मोठ्याने. लोक ऐकतात. मग सुगीपर्यंत तरी कुणी घर सोडून जात नाही. गव्हर्नरसाहेबांचा हुकूम आहे, सरहद्दीवर माणसं टिकवा. कशाने टिकवायची ते त्यांनी सांगितलेलं नाही." त्याने दाराकडे मान वळवली. "माझे सहा स्वार पाहिलेत ना? चौघांच्या कमरेच्या शिंगांत बंदुकीच्या दारूऐवजी राख भरलीय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

बाहेर कुणीतरी म्हातारीवर गाणं रचलं होतं. एका दिवसात जिची लग्नं झाली तीस, अशा नवरीचं. स्वारांना काही कळत नव्हतं आणि तेही टाळ्या देत होते.

"म्हणजे आता काय?" बाबांनी विचारलं.

कप्तानाने हात धुतले. "आता तुम्ही सांगाल ते. दोन गोष्टी मी लिहू शकतो. गावात हत्यारं नाहीत असं लिहिलं, तर हुकूम असा आहे की गाव उठवायचं. तुम्ही सगळे सांता फेला जाल. जमीन राजाकडे परत जाईल. तिथे दुसऱ्यांच्या शेतावर राबाल, पण जगाल. नाहीतर लिहितो की गाव सज्ज आहे. मग जमीन तुमची, आणि पानगळही तुमची. कुणी येणार नाही मदतीला."

"पहिलं लिहा," मी म्हणाले.

"पोलोनिया!"

"पहिलं लिहा, साहेब! आत्ता लिहा. बाबा, खिंडीत रोज माझा नवरा जातो. तुमचा मुलगा गेला तिथे. आणखी कोण हवंय?"

बाबा उठले. ते दारापाशी गेले आणि फळीच्या फटीतून बाहेर बघत उभे राहिले. त्यांच्या पाठीकडे बघताना मला वाटलं, आता हो म्हणतील. देवाशपथ, मला खात्री वाटली होती.

"हा पाट मी खणलाय," ते म्हणाले. "नदीपासून इथवर, ह्या हातांनी. पोरगा त्या टेकडीखाली आहे. पण ते जाऊ दे. ते सोडूनही मी आलो असतो." त्यांनी फटीतून बोट दाखवलं. "तो दोमिंगो बघ. अजून खांद्यावरून बंदूक उतरवत नाहीये. किती वर्षांनी गाव हसतंय. आज त्यांना वाटतंय आपण राजाच्या कप्तानाला उल्लू बनवलं. आणि मी आत्ता दार उघडून सांगू, की तुमची सगळी फजिती त्याने पहिल्यापासून पाहिली, आणि आता चंबूगबाळं आवरा? हे माझ्याच्याने होणार नाही."

"लाजेपायी माणसं मारणार तुम्ही?"

"लाज म्हण," बाबा म्हणाले. "दुसरं काही उरलंय का ह्यांच्याकडे?"

मला त्यांचा असा संताप आला की मी डाव भिंतीवर फेकला. कप्तानाने तो वाकून उचलला आणि चुलीपाशी ठेवला.

"काय लिहू?"

"लिहा, गाव सज्ज आहे."

कप्तान दाराकडे वळला. मग म्हणाला, "एक मेहरबानी करा. गावाला असंच वाटू द्या, की त्यांनी मला फसवलं. मी गेल्यावरही."

निघताना त्याने कमरेचं शिंग सोडलं आणि माझ्या हातात दिलं. हलवलं तर तळाशी थोडंसं काही खुळखुळलं. "ही खरी आहे," तो म्हणाला. "एक बार होईल, फार तर दोन. तुमच्या नवऱ्याला द्या." त्याच्या स्वतःच्या बंदुकीसाठी मग काय उरलं, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला तेव्हा पोरं वेशीपर्यंत त्याच्या घोड्यामागे नाचत गेली.

लासारोला मी सगळं सांगितलं. बाबांनी बजावलं होतं, तरी सांगितलं. तो शिंग हातात फिरवत बसला. मी म्हणाले, आपण दोघंच जाऊ, सांता फेला, कुठेही. तो म्हणाला, "आणि खिंडीवर कोण जाईल? खोऱ्यात कुठे ना कुठे शिपाई यायचेच आहेत असं धरून सगळे लांबच्या शेतांवर पेरणीला गेलेत."

ते खरंच होतं. शेजारच्या गावात का होईना, पण शिपाई येणार, असं म्हणत गावाने त्या वर्षी नदीपलीकडची पडीक जमीनसुद्धा पेरली. मका माझ्या डोक्यावर गेला. तसं पीक मी पुढे कधी पाहिलं नाही. त्या उन्हाळ्यात लोक माझ्याकडे पाहून म्हणायचे, पोलोनियाचं तोंड नेहमी आंबटच. मी काय सांगणार?

मका मोडायचे दिवस आले. गाव सगळं शेतांवर पांगलेलं होतं, बायका, पोरं, सगळी. लासारो त्या सकाळी म्हातारीला बरोबर घेऊन गेला. मी म्हणाले, ती तुझ्याच तोंडावर फुटेल. तो म्हणाला, "फुटली तरी आवाज होईल ना? चांगल्या इथेच राहू देत, मला आवाजच हवाय."

उन्हं चढली तेव्हा तो आवाज आला. एकच बार. डोंगरात घुमत आला आणि थांबला. रामोनामावशीने डोक्यावरचं टोपलं टाकलं, दोन्ही नातवांना काखोटीला मारलं आणि पळत सुटली. त्या वयात ती कशी पळाली ते देव जाणे. शेतांतून सगळे धावत आले, वेस बंद झाली. खिंडीतून कोमांचे स्वार उतरले, पण त्यांना उघड्यावर कुणी सापडलं नाही. त्यांनी घोडे नेले. मका जाळला, दिवसभर जळत होता. भिंतीवरून दोमिंगो बाण मारत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते धुराने की कशाने, मला माहीत नाही.

ते निघून गेल्यावर वेशीतून बाहेर पडून मी खिंडीकडे पाहत राहिले. लासारोचा घोडा आला नाही. तिसऱ्या दिवशी दोमिंगो जाऊन त्याला घेऊन आला. हाताशी म्हातारीची नळी तेवढी होती, दस्त्याच्या चिंधड्या झाल्या होत्या. दुसरा बार भरायला त्याला वेळ मिळाला नव्हता. शिंगात चिमूटभर तशीच शिल्लक होती.

मी चूल पेटवली नाही. सकाळी भिंतीतल्या भोकातून चिमटा यायचा, निखारा माझ्या बाजूला पडायचा, आणि मी तो विझू द्यायची. शिव्या मात्र येत नव्हत्या. असे बरेच दिवस गेले.

मका नाही, घोडे नाहीत. हिवाळ्यात आधी म्हातारी माणसं गेली, मग तान्ही पोरं. बर्फ वितळायला लागलं तेव्हा जे उरले ते आपापली गाठोडी घेऊन सांता फेला चालत आलो. कुणी उठवलं नाही, कुणाचा हुकूम आला नाही. बाबा पाटाशी थांबून राहिले होते, त्यांना हाताला धरून आणावं लागलं. नंतर ते फार जगले नाहीत. शेवटी शेवटी त्यांनी मला एकदाच विचारलं, "कुणाला सांगितलंस का?" मी म्हणाले, "नाही." लासारोचं नाव घ्यायची गरज नव्हती. त्यांच्यावरचा माझा राग तेव्हाही गेला नव्हता आणि आजही गेलेला नाही. पण त्यांचे पाय मी चेपत होते, तेही खरं.

कप्तान मेंदिओला आम्ही सांता फेला पोचण्याआधीच मारला गेला होता, दुसऱ्या कुठल्या तरी गावाच्या वाटेवर. म्हणतात, त्याची बंदूक भरलेलीच नव्हती.

आता लोमा सेकाची आम्ही मोजकी माणसं उरलोय. सांता फेच्या कडेला दुसऱ्यांच्या शेतांवर राबून म्हातारे झालेलो. वर्षातून एकदा, गावच्या संताच्या दिवशी, आम्ही रामोनामावशीकडे जमतो. तिला आता दिसत नाही. तिचे नातू बाप झालेत, तेही येतात, पोरंबाळं घेऊन. जेवणं झाली की मावशी चाचपडत माझा हात धरते.

"पोलोनिया, सांग गं पोरांना. राजाच्या कप्तानाला आपण कसं बनवलं ते सांग. आपल्या आयुष्यात तेवढं एकदा आपण जिंकलो."

सगळे माझ्याकडे बघतात. दोमिंगो आधीच हसायला लागलेला असतो, आणि त्याचा उजवा हात आपोआप खांद्याकडे जातो.

मग मी सांगते. बंदुकीचा दस्ता कपाळावर आपटला तिथून सुरुवात करते, मावशीच्या शिव्या जशाच्या तशा घालते, म्हातारीची तीस लग्नं लावते. पोरं हसून हसून लोळतात. कप्तान उभा राहतो आणि म्हणतो, सबंध प्रांतात इतकं सज्ज गाव मी पाहिलं नाही. तिथे मी थांबते.